प्रवासी कर व निवास कर (सातारा जिल्हा)

पर्यटनस्थळी येणाऱ्या वा मुक्काम करणाऱ्या प्रवाशाकडून घेतले जाणारे कर. परदेशातील अनेक शहरांत पालिका दर माणशी दर रात्री कर घेते आणि तो हॉटेलच्या बिलातच येतो. सातारा जिल्ह्यात तशी पद्धत नाही. येथे स्थानिक कर हद्दीवर, म्हणजे नाक्यावर द्यावा लागतो, आणि खोलीवरचा कर वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) रूपाने केंद्र व राज्याकडे जातो. प्रवाशाच्या हाती दोन पावत्या येतात त्या यामुळे.

महाबळेश्वर व पांचगणी या दोन गिरिस्थान नगरपरिषदांचा प्रवासी कर जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. महाबळेश्वरचे ठाणे १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात इंग्रजांकडे आले व तेथे माल्कमपेठ वसली. मात्र आजच्या कराची परंपरा थेट त्या काळापर्यंत नेण्यास पुरेसा आधार नाही. त्याच्या मुळाविषयी दोन तऱ्हांनी विचार करता येतो. तीर्थक्षेत्री घेतला जाणारा यात्राकर हे त्याचे पूर्वरूप मानावे, ही एक तऱ्हा. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मधील ऐच्छिक करांत यात्रेकरूंवरील कर येतो, तसाच तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही आहे. पंढरपूरचा यात्राकर हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरी तऱ्हा म्हणजे तो जकात व पथकराच्या नाक्यांचा वारस मानणे. वसुलीची रीत पाहता हे दुसरे मत अधिक पटते : यात्राकर यात्रेच्या काळाशी बांधलेला असे, तर येथे गाडी नाक्यावर थांबते, माणसे मोजली जातात आणि पावती फाडली जाते. देवदर्शनाचा त्यात संबंध नाही.

हा कर आहे, शुल्क नव्हे. शिरूर मठ खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला भेद असा, की शुल्काच्या बदल्यात काही विशिष्ट सेवा अपेक्षित असते, कराच्या बदल्यात तशी नसते. पुढील निकालांत हा भेद बराच सैल झाला. तरी रस्ता खराब आहे म्हणून नाक्यावर हुज्जत घालणाऱ्याची बाजू कायद्याने लंगडीच ठरते. कास पठारावर वनव्यवस्थापन समितीमार्फत घेतले जाते ते मात्र प्रवेशशुल्क होय.

पसरणी घाट चढून येणाऱ्याला आधी पांचगणीची व पुढे वेण्णा तलावाजवळ महाबळेश्वरची हद्द लागते. नगरपरिषदा दोन, म्हणून कर दोन. भिलार, मेटगुताड, भोसे येथील अनेक हॉटेले नगरपरिषदांच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत मोडतात. पाहुण्यांचा भार तेथे पडतो, पण प्रवासी कर नाक्यावरच जमा होतो, ही व्यवस्थेतील विसंगतीच म्हणावी लागेल. कराचे दर नगरपरिषदेच्या ठरावानुसार बदलत असल्याने येथे दिलेले नाहीत.

खोलीवरील कराचा इतिहास अधिक स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९८७ च्या अधिनियमाने हॉटेल व लॉजमधील निवासावर ऐषाराम कर बसवला. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील (राज्यांच्या अधिकारातील विषयांची यादी) ६२ वी नोंद हा त्याचा आधार. १०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) या नोंदीतून ‘ऐषाराम’ वगळला गेला. पंचायत व नगरपालिकांकडे मनोरंजन कर तेवढा उरला. १ जुलै २०१७ पासून ऐषाराम कर जीएसटीत विलीन झाला. १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर दिवशी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के कर लागतो. आयकरासारखे येथे टप्पे नाहीत : ७,५०० च्या खोलीवर ३७५ रुपये, तर ७,६०० च्या खोलीवर संपूर्ण रकमेवर १,३६८ रुपये होतात. फलकावरील दराऐवजी प्रत्यक्ष आकारलेले भाडे धरले जाते. त्यामुळे हंगामात महाग असलेली खोली पावसाळ्यात सवलतीने घेतली, की तिचा करही उतरतो. निवाससेवेचे ठिकाण म्हणजे हॉटेल जेथे आहे ते, असे कायदा मानतो. म्हणून बेळगावच्या पाहुण्याच्या बिलावरही केंद्र व महाराष्ट्र राज्य असे दोन निम्मे-निम्मे भाग दिसतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी नसलेल्या घरगुती निवासाला बिलात जीएसटी लावता येत नाही. मात्र तीच खोली ऑनलाइन मंचावरून घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर येते. हॉटेल स्वतः बिलात लावते तो ‘सेवा आकार’ हा कर नव्हे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात हा विषय फारसा उद्भवत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या (स्थापना १९९८) हद्दीत मुक्कामाला येतात ते बहुधा हळदीच्या व्यापारानिमित्त वा मिरजेच्या दवाखान्यांसाठी. त्यांच्या बिलात खोलीवरील जीएसटी असतो.