तक्रार वेगळी, तपासणीवरचा आक्षेप वेगळा

शाळा तपासणीतला शेरा पटला नाही की पालक अर्ज लिहायला बसतात आणि विषय घालतात ‘तक्रार अर्ज’. तिथेच घोळ होतो. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्यापासून सिडको-सातपूरपर्यंत हेच पाहत आलोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

तक्रार सगळ्यांना माहीत आहे. वर्गाला शिक्षक नाही, प्रवेश नाकारला, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करायची. तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. एवढं पुरे.

आक्षेपाचा रोख शाळेवर नसतो, अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यावर असतो. आणि त्या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक मोजलेली, दुसरी ताडलेली. पालक अडखळतात ते इथेच.

समजा दिवाळीनंतर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर तपासणी झाली. पट 42, हजर 19. शेरा पडला, ‘उपस्थिती अत्यल्प, शिक्षकांचा पालकांशी संपर्क नाही.’ यातले 19 मोजलेले आहेत. त्यावर वाद घालू नका, हजेरीपत्रक समोर आहे. ‘संपर्क नाही’ हे मात्र ताडलेलं आहे. मुलं कुठे गेली हे आईबापांना माहीत असतं. घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेली असतात. गुरुजींनी त्या मुलांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतराच्या गावी शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, दिलं असेल, तर संपर्क होता याचा तो लेखी पुरावा आहे. तेव्हा आक्षेपात एवढंच लिहायचं की आकडा मान्य, त्याचं लावलेलं कारण अमान्य, आणि सोबत कार्डांच्या नोंदीची प्रत.

याऐवजी काय येतं? ‘आमची शाळा फार चांगली आहे’ आणि खाली दीडशे सह्या. मला या सह्यांच्या गठ्ठ्याचा मनापासून राग येतो. त्यातून शेऱ्यातला एक शब्दही खोटा ठरत नाही. मुख्याध्यापकांनी मजकूर लिहून द्यायचा आणि पालकांनी खाली सही करायची, हेही मला मान्य नाही. मग तो पालकांचा आवाज उरतच नाही.

सही कुणाची? सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, शाळेच्या कामावर देखरेख हे तिचं कायद्यानं दिलेलं काम आहे. विनाअनुदानित शाळेला हे कलम लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघातल्या पालकांनी लिहावं.

ऐकीव शेऱ्यावर कधीही लिहू नका. शेरेबुकातल्या पानाची किंवा अहवालाची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक गोष्ट मला खरंच खुपते. शिक्षण हक्क कायद्यात तपासणी अहवालाविरुद्ध पालकांसाठी वेगळी अपिलाची पायरी नाही. मूल शाळेत का आलं नाही हे ज्या आईला ठाऊक आहे, तिला विचारल्याशिवाय कारण लिहिलं जाऊ नये. अहवाल पक्का होण्याआधी समितीसमोर वाचला जावा आणि तिचं म्हणणं त्यातच नोंदवलं जावं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर अर्जाच्या शेवटी नेमकी मागणी लिहा. शेऱ्यातलं अमुक वाक्य दुरुस्त करा, नाहीतर आमचा ठराव अहवालाला जोडा. अर्ज जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिकेच्या शाळेसाठी तिथल्या शिक्षण विभागात द्या, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.