दुचाकी बदलू का अजून चालवू? आमच्या गॅरेजच्या गिऱ्हाइकांसाठी थोडी माहिती

हा प्रश्न आम्हाला रोज कोणी ना कोणी विचारतं, आणि बहुतेक वेळा बिल हातात पडल्यावरच विचारतं. टायर, चेन स्प्रॉकेट, बॅटरी, ब्रेक शू सगळं एकाच महिन्यात निघालं की माणूस वैतागतो, म्हणतो जाऊ दे आता, देऊन टाकतो एक्स्चेंजला. पण हे सगळे झिजायचेच पार्ट आहेत, नवी गाडी घेतली तरी तिलाही हे लागणारच, आणि नवे टायर नवी चेन टाकून लगेच गाडी देऊन टाकली तर त्याचा फायदा पुढच्या मालकाला, कारण गाडीची किंमत करताना त्याचे पैसे क्वचितच कोणी धरतं. म्हणून त्या दिवशी ठरवू नका. आधी बघा खर्च कशावर होतोय, झिजणाऱ्या पार्टवर का इंजिन आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर.

इंजिनचं बरंचसं धुरावरून कळतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोक झालाय किंवा कार्बोरेटरचं सेटिंग बिघडलंय, एवढ्यासाठी गाडी विकायची काही गरज नाही. थंडीत सकाळी पांढरी वाफ दिसते ती गाडी तापली की जाते. निळसर धूर मात्र ऑइल जळतंय असं सांगतो, आणि तो कधी येतो हे नीट बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर एकदाच भसकन आला आणि थांबला तर बहुतेक वेळा वॉल्व्हचे सील गेलेले असतात, ते काम तुलनेने छोटं. पण रेस दिली की दर वेळी येत असेल, गाडी चढाला ओढत नसेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावं लागत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअरचं (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचं) काम समजा. तरी आम्ही लगेच इंजिन उघडत नाही. आधी प्लग काढून बघतो, टोक फिकट तपकिरी असेल तर आत सगळं ठीक जळतंय, काळं आणि ऑइलने ओलं असेल तर नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात दाब किती तयार होतो ते, मोजतो, कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजतो. आकडा वाढला तर दोष रिंगा-बोअरचा, तेवढाच राहिला तर वॉल्व्हकडे बघायचं. ही टेस्ट करायला सांगा आणि आकडा स्वतः बघा, नुसत्या आवाजावरून कोणी इंजिन गेलं म्हणत असेल तर थांबा, कारण आमच्याकडे खडखड आवाज करत आलेल्या एका गाडीचा मालक ती विकायला निघाला होता आणि शेवटी इंजिनातल्या टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती चेन ताणून धरणारा पार्ट, बदलून आवाज बंद झाला, गाडी अजून पळतेय.

चेसिसचं तसं नाही. अपघातात फ्रेम वाकली असेल किंवा वेल्डिंगपाशी तडा असेल तर त्या गाडीवर खर्च करा असं आम्ही कधीच म्हणणार नाही, तिथे प्रश्न जिवाचा आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र आधी टायरची हवा, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि चाकांची अलाइनमेंट बघून घ्या, त्यानेही तेच होतं.

आता हिशोब. आजवर किती घातले ते सोडून द्या, गाडी ठेवली काय विकली काय ते पैसे काही परत येत नाहीत. पुढच्या एका वर्षात काय लागणार ते आमच्याकडून लिहून घ्या आणि गाडीची आज काय किंमत येते ते विचारा. एकट्या एका कामाचा खर्च त्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आम्ही स्वतः बदला म्हणतो. नाहीतर जुनी गाडी ठेवणंच बहुतेक वेळा स्वस्त पडतं, किंमत सगळ्यात जास्त पडते ती पहिल्या काही वर्षांत, नंतर पडणं मंदावतं.

एक्स्चेंजला जाताना जुन्या गाडीचे किती देताय एवढंच विचारू नका. जुनीची किंमत वाढवून नवीवरची सूट कापली तर आकडा मोठा दिसतो आणि खिशातून तेवढेच जातात. वरचे पैसे किती भरायचे तेवढंच धरा, आणि स्वतः बाहेर विकली तर किती येतील तेही बघा, बहुतेकदा थोडे जास्त येतात पण त्रास आणि कागदपत्रं तुमच्याकडे.

बदलायला खर्चाशिवायचीही कारणं असतात आणि ती आम्हाला पटतात. रोज हायवेवर ओल्या रस्त्यावर जाणं आहे आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही, पाठ दुखतेय, मागे आता रोज कोणीतरी बसतं, किंवा मॉडेल बंद होऊन मीटर, वायरिंग मिळेनासं झालंय. फिल्टर आणि ब्रेक पॅड बरीच वर्षं मिळतात, अडतं ते अशा पार्टवरच.

तपासायला आणायची असेल तर आदल्या रात्रीच आणून लावा, सकाळी आम्ही तुमच्यासमोर चालू करू. गरम गाडीत तो पहिला धूर दिसतच नाही.