‘लीगल ऑक्युपायर’ला आलेलं पत्र: ब्रिटनचं टीव्ही लायसन्स आणि पत्त्यांच्या यादीची पार्श्वभूमी

लेस्टर, स्लाउ किंवा हॅरोला भाड्याने घर घेतलं की थोड्याच दिवसांत दोन पत्रं दारात पडतात. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या घरावरच्या कराच्या, पत्रावर नाव असतं. दुसऱ्यावर नावाच्या जागी ‘लीगल ऑक्युपायर’ लिहिलेलं असतं, म्हणजे घरात कायदेशीरपणे जो कोणी राहत असेल तो. ते टीव्ही लायसन्सचं, म्हणजे टीव्ही पाहण्यासाठी दरवर्षी भरायच्या आणि बीबीसीला जाणाऱ्या शुल्काचं. पहिलं पत्र सौम्य असतं. उत्तर गेलं नाही तर पुढच्या पत्रांत लाल अक्षरं दिसू लागतात, मग ‘तपास सुरू’ येतं, मग कोर्टात काय होतं याची माहिती. एवढ्या कडक भाषेत लिहिणाऱ्याला समोरच्याचं नावही ठाऊक नसतं. हे असं का झालं, ते लायसन्स मुळात कशाला लागू होतं इथून पाहावं लागतं.

लायसन्स माणसाला नव्हतं, यंत्राला होतं. बिनतारी संदेशांचा कायदा १९०४ चा. त्याच्या आधारे १९२२ मध्ये रेडिओसाठी वर्षाला १० शिलिंगांचं लायसन्स आलं, जून १९४६ मध्ये टीव्ही धरून २ पौंडांचं. फक्त रेडिओचं लायसन्स १९७१ मध्ये बंद झालं. वसुली पोस्टाकडे होती. आपल्याकडेही १९८० च्या दशकापर्यंत हीच तऱ्हा होती: पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. आपल्याकडे शुल्क गेलं आणि पुस्तिकाही अडगळीत गेली. ब्रिटनमध्ये शुल्क राहिलं, आणि पत्त्यांची यादी वाढत गेली.

लोकांच्या लक्षात राहिली ती १९५२ पासून रस्त्यावर फिरणारी डिटेक्टर व्हॅन. तिच्यामागे खरं तंत्र होतं. जुन्या संचाच्या आतला ऑसिलेटर आणि पडद्यावर रेषा आखणारी मंडलं स्वतःच थोडे संकेत बाहेर फेकत. ते अँटेनाने पकडता येत. पण व्हॅनचा खरा उपयोग धाक घालण्याचा होता. काम व्हायचं ते यादीवर. कोणत्या पत्त्यावर लायसन्स आहे हे पोस्टाला माहीत असायचं, कोणत्या पत्त्यावर टीव्ही आहे हे नसायचं. ही फट १९६७ च्या कायद्याने बुजवली. टीव्ही विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता २८ दिवसांत कळवायचा, असं त्यात ठरलं. रोख पैसे मोजून संच उचलणाऱ्यालाही काउंटरवर पत्ता विचारला जाई. खासगी व्यवहाराची माहिती अशी परस्पर सरकारदरबारी जाण्यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही; ब्रिटनचा पहिला डेटा संरक्षण कायदा यायला १९८४ उजाडलं. दुकानदारांवरची सक्ती जून २०१३ मध्ये उठली. तोवर टीव्ही फोनवर आणि लॅपटॉपवर पोचला होता, त्यामुळे दुकानातल्या नोंदीला अर्थच उरला नव्हता.

एप्रिल १९९१ पासून वसुलीची जबाबदारी गृहखात्याकडून बीबीसीकडे गेली. प्रत्यक्ष काम कंत्राटदार कंपन्या करतात. पत्रावर छापलेलं ‘टीव्ही लायसन्सिंग’ हे नाव कोणत्याही संस्थेचं नाही. तो बीबीसीच्या मालकीचा ट्रेडमार्क आहे, आणि कंत्राटदार तो वापरतात. हा तपशील किरकोळ वाटतो, पण इथेच पुष्कळांची गाडी अडते. डेटाबाबतची मागणी कंत्राटदाराच्या कॉल सेंटरला केली तर ती ग्राहकसेवेची तक्रार म्हणून फिरत राहते. डेटा कसा आणि कशासाठी वापरायचा हे ठरवणारी, कायद्याच्या भाषेत ‘कंट्रोलर’, बीबीसी आहे, कंत्राटदार ‘प्रोसेसर’. मागणी बीबीसीच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडेच पाठवावी.

लायसन्सशिवाय टीव्ही पाहण्याचा आजचा गुन्हा २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३६३ मध्ये आहे आणि ‘टेलिव्हिजन रिसीव्हर’ची व्याख्या २००४ च्या नियमांमध्ये. यंत्र कोणतं हे त्या व्याख्येत गौण आहे, वापर महत्त्वाचा. कार्यक्रम प्रसारित होत असतानाच, किंवा जवळपास त्याच वेळी, तो पाहिला की लायसन्स हवं. १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसी आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, मागाहून पाहणंही त्यात आलं. घरात नुसता टीव्ही असला म्हणून लायसन्स लागत नाही. नेटफ्लिक्सवरचे चित्रपट, डीव्हीडी, गेम यांनाही नाही. मात्र ॲपवरून मराठी वाहिनी थेट लावली, तर वाहिनी मुंबईची असली आणि पैसे भारतात भरलेले असले तरी लायसन्स लागतं. ‘आम्ही बीबीसी बघतच नाही’ हा बचाव चालत नाही, आणि मराठी घरांत तोच सर्रास ऐकू येतो.

विद्यार्थ्यांची चूक वेगळी. आईवडिलांच्या घरचं लायसन्स मुलाच्या फोन-लॅपटॉपला चालतं, असं सीनियर सांगतात. सवलत खरी आहे, पण उपकरण स्वतःच्या बॅटरीवर चाललं पाहिजे, वीज जोडलेली नको, आणि आईवडिलांचं लायसन्स ब्रिटनमधलं हवं. पुण्याच्या घराचा इथे उपयोग नाही. चौघांनी मिळून घेतलेल्या घराचा भाडेकरार एकच असेल तर एक लायसन्स पुरतं. प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल तर सहसा प्रत्येकाला आपलं आपलं घ्यावं लागतं.

आता त्या ‘लीगल ऑक्युपायर’कडे. ब्रिटनमध्ये रहिवाशांची सक्तीची नोंदवही नाही. ओळखपत्राचा कायदा २००६ मध्ये झाला आणि २०१० मध्ये रद्दही झाला. त्यामुळे वसुलीला धरायला एकच खुंटी उरते, ती म्हणजे पत्ता. रॉयल मेलकडच्या पत्त्यांच्या आधारे देशातली जवळपास सगळी घरं, तीन कोटींच्या आसपास, यादीत आहेत. त्यातून लायसन्स असलेली घरं वजा केली की उरलेल्यांना पत्रं जातात. यात संशय कुणावरच नसतो, फक्त वजाबाकी असते. पत्राची भाषा मात्र संशयाचीच असते, आणि लोकांचा राग येतो तो त्यावर.

पत्ता ही वैयक्तिक माहिती आहे का, हा वाद इथूनच सुरू होतो. डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहिती म्हणजे ओळखता येईल अशा जिवंत माणसाशी संबंधित माहिती. ‘अमुक रस्ता, फ्लॅट २, लायसन्स नाही’ एवढीच नोंद घराबद्दलची आहे, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते: त्या फ्लॅटमध्ये एकटीच बाई राहत असेल तर ती नोंद तिच्याशिवाय कुणाची? त्यात भेटीची तारीख, दार कुणी उघडलं, काय उत्तर दिलं, हे लिहिलं गेलं की पहिल्या बाजूचा युक्तिवाद लंगडा पडतो. नाव नसलं म्हणून ओळख पटत नाही, असं कायदा कुठेच म्हणत नाही.

पण व्यवहारात घडतं उलटंच. हक्क बजावायला समोर माणूस लागतो, आणि पत्त्याला हक्क नसतात. आपल्याबद्दल काय नोंदलंय ते पाहायचं तर अर्जावर नाव घालावं लागतं आणि ते त्या पत्त्यावर राहणारे आपणच, हे दाखवावं लागतं. ‘लायसन्सची गरज नाही’ असं कळवायचं तर ऑनलाइन फॉर्म नाव मागतो. पत्र थांबवण्यासाठी फोन केला आणि पत्रावरचा संदर्भ क्रमांक सांगितला, की त्या क्रमांकाच्या पत्त्याला नाव चिकटलं. ज्याच्याबद्दल काहीच माहिती नव्हती, त्याने माहिती न ठेवण्याची विनंती करताना ती स्वतःच पुरवली. यंत्रणा मुद्दाम अशी आखली असेल असं नाही, पण फायदा तिलाच होतो, आणि हे ओळखूनच पुष्कळ जण गप्प बसणं पसंत करतात. साध्या पत्राला उत्तर देण्याची कायदेशीर सक्ती नाही. गरज नसल्याचं कळवलं तर पत्रं साधारण दोन वर्षं थांबतात. मधल्या काळात खातरजमेसाठी कुणी दारात येऊ शकतं.

ज्यांना लेखी हक्क बजावायचा आहे त्यांनी कोणता हक्क मागतोय हे नीट लिहावं. आपल्या माहितीची प्रत मागितली तर एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. १९९८ च्या डेटा संरक्षण कायद्यात हीच मुदत ४० दिवस होती आणि १० पौंडांपर्यंत शुल्क घेता येई. २०१८ पासून ते सहसा लागत नाही. भेटींच्या नोंदी, पाठवलेल्या पत्रांची यादी आणि फोनच्या नोंदी हव्यात, असं स्वतंत्रपणे लिहावं, नाहीतर नाव-पत्त्याचा एक कागद येतो. ‘माझी माहिती पुसून टाका’ ही मागणी बहुधा फसते, कारण कायद्याने सोपवलेल्या कामासाठी लागणारी माहिती त्या हक्कातून वगळलेली आहे. आक्षेप घेण्याचा हक्क आहे, पण सबळ कारण दाखवून तो नाकारता येतो. जाहिरातीच्या पत्राला घेतलेला आक्षेप मात्र नाकारता येत नाही. म्हणून काही जण म्हणतात, ‘लायसन्स विकत घ्या’ असं सांगणारं पत्र ही जाहिरातच. युक्तिवाद चलाख आहे, पण वैधानिक शुल्काची आठवण आणि जाहिरात यांत कायदा फरक करतो. त्यावर फार भिस्त ठेवू नये.

दाराशी येणाऱ्या अधिकाऱ्याचा गोंधळही यादीइतकाच जुना. तो कंत्राटदाराचा नोकर असतो, पोलीस नव्हे. वॉरंटशिवाय त्याला आत येता येत नाही. नाव सांगणं किंवा दार उघडं ठेवणं बंधनकारक नाही. त्याच्याकडे ‘टीव्हीएल १७८’ हा फॉर्म असतो. त्यात तो नाव, केव्हापासून पाहता, शेवटचं काय पाहिलं हे लिहून घेतो आणि सही मागतो. खटल्यातला मुख्य पुरावा सहसा हाच कागद असतो, म्हणजे त्या माणसाची स्वतःची कबुली. ‘एवढी सही करा, मी निघतो’ हे वाक्य सभ्यपणाने ऐकून माणसं सही करतात आणि काही आठवड्यांनी नोटीस आली की चकित होतात. दारापर्यंत येण्याची जी गृहीत परवानगी असते, ती लेखी कळवून काढून घेता येते. स्कॉटलंडचा कायदा वेगळा असल्याने तिथे हा मार्ग चालत नाही. आणि या पत्रावर नाव घातलं की पुन्हा तेच: पत्त्याला नाव मिळतं.

पत्र आणि नोटीस यांतला फरक ओळखता आला पाहिजे, कारण खरं नुकसान इथे होतं. लाल अक्षरातलं पत्र टोपलीत गेलं तरी चालतं. ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस’ आली तर नाही. ही पद्धत २०१५ च्या कायद्याने आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच मॅजिस्ट्रेट, कायदेशीर सल्लागाराच्या मदतीने, कागदांवरून निकाल देतो. त्या नोटिशीवर नाव असतं, प्रकरण क्रमांक असतो, आणि गुन्हा कबूल की नाकबूल ते कळवायला २१ दिवस असतात. घर बदललं असेल आणि नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहिली, तर दंड झाल्याचं वसुलीच्या वेळीच कळतं. अशा वेळी समजल्यापासून २१ दिवसांत ‘खटल्याची माहितीच नव्हती’ असं वैधानिक प्रतिज्ञापत्र दिलं की प्रकरण पुन्हा उघडतं. दंडाची कमाल मर्यादा १००० पौंड. हा फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसाच्या अर्जात शिक्षेबद्दल प्रश्न असतो, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं. शिक्षा झालेल्यांत स्त्रियांचं प्रमाण २०१९ मध्ये ७४ टक्के होतं. दिवसा दार वाजतं तेव्हा घरी कोण असतं, हे त्याचं एक उघड कारण. गुन्हा फौजदारी कक्षेबाहेर काढायचा का, याचा २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विचार झाला. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तूर्त नको म्हटलं.

यादीत माहिती येण्याच्या वाटा आता पत्रांपुरत्या राहिलेल्या नाहीत. आयप्लेअर पाहायला २०१७ पासून खातं काढावं लागतं, त्यात ई-मेल आणि पोस्टकोड द्यावा लागतो. खात्यांचे ई-मेल लायसन्सच्या नोंदींशी ताडून पाहता येतील, हेही तेव्हा सांगून झालं होतं. माहिती गोळा करणारे ती सांभाळतात कशी, याची चुणूक सप्टेंबर २०१८ मध्ये दिसली. लायसन्सच्या वेबसाइटवरून काही दिवस बँकेचे तपशील एन्क्रिप्शनशिवाय जात होते, आणि सुमारे ४० हजार ग्राहकांना तसं कळवावं लागलं. नकली ई-मेलांचं पीकही त्याच सुमारास आलं. खऱ्या ई-मेलमध्ये तुमचं नाव किंवा पोस्टकोडचा काही भाग असतो. ‘प्रिय ग्राहक’ अशी सुरुवात आणि ‘डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) अडकलं’ अशी घाई दिसली तर त्यातली लिंक दाबू नये.

बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे ती ज्याच्या आधारे चालते तो दस्तऐवज, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते, आणि शुल्काचं काय करायचं हे त्याआधी ठरायला हवं. जर्मनीने २०१३ मध्ये यंत्राचं लायसन्स सोडून घरटी शुल्क लावलं. तिथे रहिवासी नोंदणी कार्यालयांकडूनच नाव-पत्ते वसुलीकडे जातात, म्हणून ‘लीगल ऑक्युपायर’ची गरज पडत नाही: पत्रावर थेट नाव असतं. ब्रिटनने तोच मार्ग धरला तर आधी तशी नोंदवही लागेल, किंवा कौन्सिल टॅक्सची यादी वापरावी लागेल. तोवर घर सोडताना लायसन्स आपोआप नव्या घरी येत नाही. पत्ता स्वतः बदलावा लागतो. भारतात परतत असाल तर डायरेक्ट डेबिट नुसतं थांबवू नका; लायसन्स रद्द करून न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागा, आणि रद्द झाल्याचा ई-मेल जपून ठेवा. तुमच्यामागे त्या फ्लॅटमध्ये येणाऱ्याला पहिलं पत्र त्यानंतर थोड्याच दिवसांत जाईल.