भावंडांचे जोडगायन (कंट्री संगीत)

भावंडांचे जोडगायन : अमेरिकेच्या आग्नेय भागातील कंट्री संगीतात १९३० च्या दशकात रूढ झालेला दोन आवाजांचा गायनप्रकार. ‘ब्रदर ड्युएट’ हे त्याचे प्रचलित नाव; आवाजांच्या एकजीवपणाला ‘ब्लड हार्मनी’ (रक्ताच्या नात्यातला स्वरमेळ) म्हणतात. दोन भावंडे, एक गिटार, बहुधा जोडीला एक मँडोलिन आणि दोघांत मिळून एक मायक्रोफोन, एवढाच सरंजाम. आपल्याकडील युगुलगीतासारखे आळीपाळीने ओळी घेणे येथे नसते, जुगलबंदीतली चढाओढही नसते. दोघेही तेच शब्द त्याच क्षणी उच्चारतात. खालचा आवाज (लीड) मूळ चाल धरतो, वरचा (टेनर) तिच्यापासून तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या स्वरावरून चालतो. लीड षड्जावर असताना टेनर गांधारावर, असे साधारण समजावे. मात्र हे अंतर ठरीव नसते, चालीबरोबर कमीजास्त होते.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार या प्रकाराचे मूळ चर्चमधील सामुदायिक गायनात आहे. दक्षिणेत १९ व्या शतकात आकृतिस्वरांची लिपी पसरली. जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट व ई. जे. किंग यांच्या ‘द सेक्रेड हार्प’ (१८४४) या संग्रहात स्वरचिन्हाचे डोके त्रिकोणी असेल तर फा, गोल असेल तर सोल, चौकोनी असेल तर ला आणि शंकरपाळ्यासारखे असेल तर मी असे वाचतात. पद म्हणण्याआधी मंडळी ही नावेच गाऊन चाल पक्की करतात; आपल्या सरगमशी याचे साम्य उघड आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की या गायनात मूळ चाल सर्वांत वरच्या आवाजाकडे नसते, तिच्या वर आणखी एक स्वररेषा चालते. जोडगायनाची ठेवण हीच.

दुसरे मत व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला श्रेय देते. केंटकीतील अंधशाळेत भेटलेल्या लेस्टर मॅकफार्लंड व रॉबर्ट गार्डनर या जोडीने १९२६ पासूनच मँडोलिन-गिटारच्या साथीने अशी गाणी मुद्रित केली होती. ते भाऊ नव्हते, ही बाब या मताचे पुरस्कर्ते आवर्जून सांगतात. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. स्वरांची बांधणी चर्चची असावी. पण अंगणात किंवा नाचाच्या फडात खड्या आवाजात गाणाऱ्यांना हळू गाण्याची मुभा मिळाली ती १९२५ च्या सुमारास आलेल्या विद्युत ध्वनिमुद्रणामुळे आणि रेडिओमुळे. डेलमोर बंधू या प्रमुख जोडीचे जवळजवळ कुजबुजल्यासारखे गाणे मायक्रोफोनवाचून पहिल्या रांगेपलीकडे गेले नसते.

रक्ताच्या नात्याचा मुद्दाही जरा जपूनच घ्यावा लागतो. भावंडांच्या गळ्याची घडण सारखी असते हे खरेच, पण एका घरात वाढल्याने स्वर लांबवण्याची, श्वास घेण्याची आणि शब्द सोडण्याची लकब एक होते, हे त्याहून अधिक निर्णायक असावे. १९५३ मध्ये गाजलेल्या ‘डेव्हिस सिस्टर्स’ बहिणी नव्हत्या, शाळेतल्या मैत्रिणी होत्या. ऐकणाऱ्याला ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

प्रमुख जोड्यांपैकी ॲलाबामाचे ॲल्टन (१९०८–६४) व रेबन (१९१६–५२) डेलमोर १९३३ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आले. रेबनची चार तारांची टेनर गिटार ही त्यांची खूण. चार्ली व बिल मन्रो आणि बिल व अर्ल बोलिक (‘ब्लू स्काय बॉइज’) या दोन्ही जोड्यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९३६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे झाले.

प्रकाराचा कळस सामान्यतः लूव्हिन बंधूंमध्ये मानतात. आयरा (१९२४–६५) व चार्ली (१९२७–२०११) यांचे मूळ आडनाव लाउडरमिल्क. ॲलाबामातील सँड मौंटन या सेक्रेड हार्प गायनाच्या बालेकिल्ल्यात ते वाढले. चाल चार्लीच्या आवाक्याबाहेर चढू लागली, की ओळीच्या मध्येच आयरा ती उचलून घेई आणि चार्ली खालच्या जोडस्वरावर उतरे. यासाठी खुणेचीही गरज पडत नसे. १९५९ च्या ‘सेटन इज रिअल’ या संग्रहाच्या वेष्टनावर पांढऱ्या सुटातले दोघे भाऊ आगीच्या लोळांपुढे हात पसरून उभे आहेत, मागे प्लायवूडचा भलामोठा सैतान. आग खरी होती, केरोसीनमध्ये भिजवलेल्या टायरांची. आयराचे मद्यपान व संतापी स्वभाव यांमुळे १९६३ मध्ये जोडी फुटली.

तोवर कंट्री संगीतात विजेवरच्या गिटारी व ड्रम आले होते. एव्हर्ली बंधूंनी १९५७ पासून हीच हार्मनी रॉक अँड रोलमध्ये नेली; कंट्रीत मात्र ती मागे पडली.

पुनरुज्जीवनाचे ठळक उदाहरण म्हणजे ॲलाबामातील मसल शोल्स परिसराच्या लॉरा व लिडिया रॉजर्स यांची ‘द सीक्रेट सिस्टर्स’ ही जोडी. वाद्ये वर्ज्य असलेल्या ‘चर्च ऑफ ख्राइस्ट’ पंथात त्या वाढल्या, म्हणजे उगमाचे पहिले मत येथे पुन्हा भेटते. नॅशव्हिलमधील आवाजचाचणीला आधी लॉरा गेली, लिडियाला मागाहून बोलावणे गेले. डेव्ह कॉब यांनी निर्मिलेला पहिला संग्रह (२०१०) जुन्या घडणीच्या मायक्रोफोनांवर व फितीवर मुद्रित झाला; त्यात हँक विल्यम्स, जॉर्ज जोन्स या जुन्या कंट्री गायकांच्या काळातील गाणी अधिक, स्वतःची दोनच. पुढे रचना बहुतांशी त्यांच्या स्वतःच्या झाल्या. गायिका ब्रँडी कार्लाइल यांनी निर्मितीत हात दिलेला तिसरा संग्रह (२०१७) श्रोत्यांच्या वर्गणीतून उभा राहिला. त्याला व चौथ्याला (२०२०) ग्रॅमीचे नामांकन मिळाले. दोन्ही वेळा विभाग कंट्रीचा नव्हे, लोकसंगीताचा होता.