भूप्रभाव, मोटार शर्यतीतील

धावत्या शर्यती मोटारीचा तळ आणि जमीन यांमधील फटीतून हवा वेगाने जाऊ देऊन तेथील दाब घटवणे व त्यायोगे मोटार खाली ओढून घेणे, याला भूप्रभाव किंवा ग्राउंड इफेक्ट म्हणतात. मोटारीवर बसवलेल्या उलट्या पंखांच्या तुलनेत यात हवेचा रोध कमी वाढतो. फॉर्म्युला वनच्या तांत्रिक नियमांतील अनेक मोठे बदल या एका परिणामाला आवर घालण्यासाठी झाले.

या कल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक मान अमेरिकी रचनाकार जिम हॉल यांच्या शॅपरल २जे (१९७०) या मोटारीला देतात. तीत वेगळ्या इंजिनावर चालणारे दोन पंखे तळाखालची हवा ओढून घेत. म्हणजे ओढ मोटारीच्या वेगातून निर्माण होत नव्हती. दुसरा पक्ष १९६९ च्या सुमारास बीआरएम या ब्रिटिश संघात अभियंते टोनी रड व पीटर राइट यांनी आखलेल्या, पण शर्यतीत कधीच न उतरलेल्या मोटारीकडे बोट दाखवतो. मार्च ७०१ (१९७०) या मोटारीच्या बाजूच्या टाक्यांना उलट्या पंखाचा छेद होता. मात्र त्या जमिनीपासून उंच होत्या आणि त्यांच्या कडा मोकळ्या होत्या. रड व राइट पुढे लोटस संघात एकत्र आले आणि संघाचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या प्रेरणेने वातबोगद्यातील प्रयोगांतून लोटस ७८ (१९७७) साकारली. बाजूची फट पट्ट्यांनी बंद केल्यावरच ओढ कित्येक पटींनी वाढते, हे या प्रयोगांत स्पष्ट झाले. त्यामुळे पूर्ण प्रणालीचे श्रेय लोटसला देणे अधिक सयुक्तिक वाटते. ७८ मध्ये दाबाचा केंद्रबिंदू फार पुढे असल्याने मागे मोठा पंख लावावा लागे. लोटस ७९ मध्ये हा दोष काढला गेला आणि १९७८ चे जगज्जेतेपद मारिओ आंद्रेत्ती यांना मिळाले.

स्कर्ट नावाच्या या पट्ट्या आधी ब्रशच्या होत्या. पुढे वरखाली सरकणारे कडक स्कर्ट आले. एखादा स्कर्ट वर अडकला की ओढ क्षणात नाहीशी होई आणि मोटार वळणाबाहेर फेकली जाई. १९८१ मध्ये सरकते स्कर्ट बंद झाले व तळ जमिनीपासून ६ सेंमी. उंच असण्याची अट आली. मोजणी मात्र मोटार उभी असताना होई. ब्रॅबम संघाचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी हवा व द्रवाच्या दाबावर चालणारे सस्पेंशन बसवले. वेगात मोटार खाली बसे, पिटकडे (दुरुस्ती-तपासणीच्या जागेकडे) परतताना पुन्हा वर येई. इतरांनी तेच उचलले, स्प्रिंगा अतिशय ताठ झाल्या आणि प्रत्येक खड्डा थेट चालकाच्या मणक्यापर्यंत पोहोचू लागला. १९८३ पासून पुढच्या व मागच्या चाकांमधील तळ सपाट ठेवणे सक्तीचे झाले.

१९९४ च्या अपघातांनंतर तळाला १० मिमी. जाडीची फळी आली. ती १ मिमी.पेक्षा जास्त झिजली तर मोटार बाद होते. अमेरिकेतील ऑस्टिन येथे २०२३ मध्ये हॅमिल्टन व लक्लेर या चालकांवर हीच वेळ आली. मुख्य शर्यतीआधी स्प्रिंट ही छोटी शर्यतही असल्याने सरावाचे एकच सत्र होते, त्यानंतर मोटारीची जमिनीपासूनची उंची बदलता येत नव्हती आणि मार्ग खडबडीत होता.

मागून येणाऱ्या मोटारीला विस्कळीत हवेचा त्रास कमी व्हावा म्हणून २०२२ मध्ये तळाखालचे बोगदे, म्हणजे हवा वेगाने नेणारे खोलगट मार्ग, परत आणले गेले. त्याबरोबर जुनी उसळी, म्हणजे पॉरपॉइझिंग, परतली. वेग वाढला की तळ खाली ओढला जातो. फट फार अरुंद झाली की प्रवाह गुदमरून तुटतो, ओढ सुटते, मोटार वर येते, प्रवाह पुन्हा जुळतो आणि चक्र फिरत राहते. उंची वाढवली की उसळी थांबते, पण पकडही घटते. त्याच हंगामात बेल्जियमच्या शर्यतीपासून उभ्या कंपनांना मर्यादा घातली गेली. २०२३ मध्ये तळाच्या कडा १५ मिमी. उचलल्या गेल्या.

चालवण्यावर होणारा परिणाम मूलभूत आहे. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेगवान वळणात घाबरून वेग घटवणाऱ्याची पकडही घटते. संथ वळणात पकड टायर व सस्पेंशन यांवरच मुख्यतः अवलंबून असते. तेथे ताठ, खालावलेली मोटार पुढून बाहेर सरकते आणि कर्बवर (मार्गाच्या उंचवट्याच्या कडेवर) चढवली तर तळ आपटतो.

२०२६ च्या नियमांत लांब बोगद्यांची जागा बऱ्याच अंशी सपाट तळाने घेतली असून पुढचे व मागचे पंख हलते केले आहेत.