वेशीबाहेरचे मळे आणि शहराचं ताट

सुट्टीच्या दिवशी शहरापासून तास-दोन तासांवरच्या शेतावर जायचं, झाडावरचं फळ हाताने तोडून खायचं, त्या भागातलंच चीज, मध किंवा भाजी घेऊन परतायचं. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांभोवती हे आता रुळलं आहे. लोक याला नव्या काळाची हौस समजतात. खरं तर शहर आणि त्याच्या पंचक्रोशीतली शेती यांचा संबंध शहरांइतकाच जुना आहे. गेल्या दीडशे वर्षांत तो सैल होत गेला आणि आता लोक तो पुन्हा बांधू पाहत आहेत.

जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागात टेलो इथं शेती करणारा योहान हाइनरिश फॉन थ्यूनन हा जमीनदार हिशेबाच्या वह्या फार काटेकोरपणे ठेवायचा. त्या हिशेबांच्या आधारे त्याने 1826 मध्ये एक मांडणी केली. सपाट मुलखात एकच शहर आहे असं धरलं, तर त्याच्याभोवती शेतीची एकामागे एक कडी तयार होतात. सर्वांत आत भाजीपाला आणि दूध, कारण ते नासतं. त्याच्या बाहेर सरपणाचं जंगल, कारण लाकूड वजनदार असतं. त्यापुढे धान्य, आणि सगळ्यात लांब चरणारी जनावरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत येतात. घोडागाडी एका रात्रीत जेवढं अंतर कापेल तेवढीच शहराच्या ताज्या भाजीची हद्द. आतल्या कड्यातल्या शेतकऱ्याला खतही शहरच पुरवतं, हेही त्याने नोंदवलं होतं.

हे खताचं प्रकरण सर्वांत चांगलं दिसतं ते 19व्या शतकातल्या पॅरिसमध्ये. शहराच्या वेशीला लागून ‘मारेशे’ म्हणजे भाजी पिकवणारे माळी राहायचे. शहरातल्या घोड्यांची लीद ते गाड्या भरभरून आणत. लीद कुजताना जी ऊब निघते तिच्यावर वाफे रचायचे आणि वर काचेच्या घंटा पालथ्या घालायच्या. बाहेर बर्फ असताना आत सॅलडची कोवळी पानं आणि मुळे तयार होत. घोड्यांनी खाल्लेला चारा खेड्यातून शहरात आलेला, तो लीद होऊन मळ्यात जायचा आणि भाजी होऊन पुन्हा शहराच्या ताटात यायचा. शहराचा कचरा म्हणजेच मळ्याचं भांडवल होतं.

पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रय नावाचं गाव आहे. तिथले पीच एकेकाळी राजेरजवाड्यांच्या पंगतीत मानाने मिरवायचे. पीच हे उबेचं फळ, आणि पॅरिसची हवा थंड. तिथल्या शेतकऱ्यांनी 17व्या शतकापासून शेतांमध्ये उंच भिंती उभ्या केल्या आणि त्यांना परिसरातल्याच खाणींमधल्या जिप्समचा गिलावा दिला. भिंत दिवसभर ऊन पिऊन घ्यायची आणि रात्री ती ऊब झाडाला द्यायची. झाडं भिंतीला चपटी बांधून वाढवलेली. 19व्या शतकात या भिंतींची एकूण लांबी सुमारे 600 किलोमीटर भरत होती.

मला इथं थांबावंसं वाटतं. ‘प्रादेशिक पदार्थ’ म्हटलं की आपण तो मातीतून आपोआप उगवला असं धरतो. मोंत्रयचं पीच मातीने दिलं नाही. ते शेजारच्या शहराच्या भुकेने, खाणीतल्या जिप्समने आणि काही पिढ्यांच्या हातांनी घडवलं. माती आणि हवामान हवंच, पण ते फळ दारात घेणारं शहर नसतं तर एवढ्या भिंती कुणी बांधल्या नसत्या.

मेक्सिकोतही असंच घडलं. अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान सरोवरात होती. आसपासच्या उथळ पाण्यात गाळ आणि कुजकी वनस्पती थरावर थर रचून ‘चिनाम्पा’ नावाचे लांबट वाफे केले जात. त्यांच्यामधल्या कालव्यांतून होड्या माल घेऊन शहरात जात, आणि शहरातलं सोनखत मळ्यांकडे येई. सोचिमिल्को इथले चिनाम्पा आजही पिकतात. 1987 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

मग आगगाडी आली. लंडनचं दूध तोवर शहरातल्याच गोठ्यांमधून यायचं. बिअर गाळून उरलेला चोथा खाऊन तिथल्या गाई दूध देत. 1865 मध्ये गुरांवर बुळकांडीची साथ पसरली, शहरातले गोठे ओस पडले आणि दूरच्या तालुक्यांमधलं दूध रेल्वेने येऊ लागलं. साथ ओसरली तरी ते येतच राहिलं. 1882 मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज गोठवलेलं मांस घेऊन न्यूझीलंडहून तीन महिन्यांच्या प्रवासानंतर लंडनला पोहोचलं. थ्यूननची कडी त्या दिवसांत विस्कटली. नासणं ही अडचण उरली नाही, तेव्हा जवळ असण्याचा फायदाही उरला नाही. दक्षिण फ्रान्सची फळं रेल्वेने पॅरिसला येऊ लागल्यावर मोंत्रयच्या भिंती हळूहळू पडत गेल्या. मोटारींनी घोडे हटवले आणि लीदही संपली. मळ्यांवर घरं उभी राहिली. पॅरिसचा मधोमध असलेला जुना बाजार 1969 मध्ये उठून शहराबाहेर रुंजिसला गेला. लंडनचा कॉव्हेंट गार्डन बाजार 1974 मध्ये हलला. आपलं अन्न कुठून येतं हे शहरातल्या माणसाला डोळ्यांनी दिसणं तिथेच थांबलं.

परतीची वाट नेमकी याच सुमारास सुरू झाली. जपानमध्ये कीटकनाशकं आणि मिनामाताच्या पारा-विषबाधेमुळे लोक धास्तावले होते. 1970च्या दशकात तिथल्या शहरी कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. जे पिकेल ते घेऊ, गरज पडली तर शेतात राबायलाही येऊ. या पद्धतीला ‘तेइकेई’ म्हणतात. युरोपात रुजलेल्या अशाच कल्पनेवरून 1986 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी हंगामाआधीच वाटेकरी घेऊन पैसे उभे करायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये नगररचनाकार बॅरी बेनेपी यांनी आसपासची शेतं घरांसाठी विकली जाताना पाहिली होती. 1976च्या जुलैमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शहरात शेतकऱ्यांचा बाजार भरवला. स्वतः पिकवलेलंच विकायचं, हा नियम. अमेरिकेत असे बाजार 1994 मध्ये 1,755 होते. 2013 मध्ये ते 8,000च्या वर गेले.

शेतावर मुक्कामाला जाण्याला कायद्याचा आधार दिला तो इटलीने, 1985 साली. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा, अशी अट त्यात आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. ती नसेल तर शेत म्हणजे नुसता देखावा होतो आणि स्वयंपाकघरात माल बाजारातून येतो.

जवळचं खाण्याच्या बाजूने नेहमी वाहतुकीच्या धुराचा मुद्दा मांडला जातो. तो तितका भक्कम नाही. 2008 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे 11 टक्केच निघाला. बहुतेक उत्सर्जन शेतातच होतं. माझ्या मते खरा मुद्दा जमिनीचा आहे. शहरालगतची काळी, ओलिताखालची जमीन एकदा सिमेंटखाली गेली की परत येत नाही, आणि तिथल्या पिकाची जाण तिच्याबरोबर जाते.

टोरांटोच्या भोवती ओंटारिओ प्रांताने 2005 मध्ये सुमारे 18 लाख एकरांचा हरितपट्टा कायद्याने राखून ठेवला. शेतं, फळबागा, जंगल, पाणथळी असं सगळं त्यात आलं. 2022च्या अखेरीस सरकारने त्यातली सुमारे 7,400 एकर जमीन घरबांधणीसाठी मोकळी केली. शेतकरी आणि शहरवासी दोघांनीही विरोध केला. पुढच्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांनी या निर्णयाच्या प्रक्रियेवर कडक ताशेरे ओढले आणि सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने ती जमीन पट्ट्यात परत घेण्याचं जाहीर केलं.