हॅरी, गाडी काढ!

जर्मनीत कुणालाही ‘डेरिक’ या पोलीस मालिकेबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: ‘हॅरी, गाडी काढ जरा!’ इन्स्पेक्टर डेरिकचं म्हणून पाठ झालेलं हे वाक्य. गंमत म्हणजे १९७४ ते १९९८ या काळातल्या २८१ भागांत ते याच शब्दांत एकदाही येत नाही. त्याच्या जवळ जाणारं एक वाक्य दुसऱ्या भागात आहे: ‘हॅरी, आपल्याला गाडी हवीय, लगेच.’ घाईतलं साधं बोलणं. पुढे नकलाकारांनी त्याचा तकियाकलाम केला.

यात डेरिकचा सहायक बिचारा हॅरी, म्हणजे ती भूमिका करणारा म्युनिकचा अभिनेता फ्रिट्झ वेपर, कायमचा ‘साहेबांचा ड्रायव्हर’ ठरला. वास्तविक ‘डेरिक’च्या आधी पाच वर्षं ‘डेअर कोमिसार’ या दुसऱ्याच मालिकेत तो हाच हॅरी क्लाइन साकारत होता. १९७२च्या ‘कॅबरे’त तो लायझा मिनेलीसोबत दिसला. आणि २००२पासून जवळजवळ वीस वर्षं एका हलक्याफुलक्या विनोदी मालिकेत नन्सच्या मठावर डोळा ठेवणारा बेरकी महापौर रंगवला. मला विचाराल तर त्याचं खरं काम हेच. नन्सपुढे त्याचे डाव हटकून फसत.